थंडीतील पिल्लांची मर चौथ्या दिवसापासूनच का सुरू होते?

प्रश्न : द्राक्षबागायतदार, निफाड

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि जोडधंदा म्हणून मळ्यातच सुधारित गावरान जातीच्या पाचशे पिल्लांसाठी शेड उभारली आहे. पहिली तुकडी पावसाळा संपता संपता आणली होती, ती उत्तम निघाली. दुसरी तुकडी डिसेंबरच्या सुरुवातीला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यातील शंभरामागे आठ-नऊ पिल्ले गेली. उबवणी केंद्र तेच, खाद्य तेच आणि सांभाळणारी माणसेही तीच होती. बदलला होता तो फक्त ऋतू.

पिल्ले आल्याबरोबर गुळाचे पाणी ठेवले होते आणि कागदावर मक्याचा भरडा पसरला होता. पहिले तीन दिवस काळजी करावी असे काही दिसले नाही. चौथ्या दिवशी सकाळी मात्र काही पिल्ले पंख सोडून, डोळे मिटून उभी होती आणि तेव्हापासून तीन दिवस मर थांबलीच नाही. काहींच्या गुदद्वाराला पांढुरकी विष्ठा चिकटून वाळलेली होती. बल्बशेजारच्या खांबाला अडकवलेला तापमापक रात्रीही 32-33 अंश सेल्सिअस दाखवत होता, त्यामुळे ऊब कमी पडली असे म्हणायला मन धजत नाही.

गावातील एकाने पिल्लेच रोगट आली असे ठामपणे सांगितले, तर औषध दुकानदाराने पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून प्रतिजैविक चालू करा असा सल्ला दिला. जानेवारीत पुढची तुकडी यायची आहे. दोष पिल्लांचा होता की आमच्या व्यवस्थेचा, हे आता कसे ओळखावे आणि या वेळी तयारी कशी करावी, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.

उत्तर : कुक्कुटपालक, सिन्नर

दादा, आपण दिलेल्या माहितीतील तापमापकाची जागा मला सर्वात महत्त्वाची वाटते. खांबाला, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवर, बल्बच्या शेजारी अडकवलेला तापमापक तिथल्या हवेचे तापमान सांगतो. पिल्लू जमिनीपासून दोन इंचांवर जगते. गरम हवा वर चढते, आणि निफाडच्या डिसेंबरमध्ये, जेव्हा तुमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील नीचांकी तापमानाच्या बातम्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतात, तेव्हा शेडचा कोबा पहाटे बर्फासारखा गार असतो. वर 33 अंश आणि खाली पिल्लाच्या पायाशी 22-23 अंश, अशी स्थिती सहज होते. तापमापक पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, बल्बच्या थेट खाली न ठेवता उजेडाच्या कडेला टांगावा, आणि तिथे पहिल्या आठवड्यात 35 अंश मिळाले पाहिजेत. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचे.

तापमापकापेक्षाही मी पिल्लाच्या पायांवर अधिक विश्वास ठेवतो. पिल्लू हातात घ्यावे आणि त्याचे तळपाय आपल्या गालाला किंवा मानेला लावून पाहावेत. पाय गार लागले तर खालची गादी गार आहे, मग भिंतीवरचा आकडा काहीही असो. पिल्ले आल्यापासून पहिल्या दोन तासांत अशी दहा-पंधरा पिल्ले वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलून पाहण्याची मला सवय आहे आणि थंडीच्या तुकडीत तरी ही सवय मी कधीच सोडत नाही.

गादी गरम करायला वेळ लागतो. तुसाचा थर थंडीत तीन इंचांपेक्षा कमी नसावा, आणि बल्ब किंवा गॅस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी) पिल्ले यायच्या किमान 24 तास आधी चालू करावा. तुमच्याकडे कडाक्याची थंडी असेल तर त्याहूनही आधी. पुष्कळ जण पिल्लांची गाडी फाट्यावर आल्याचा फोन आला की बल्ब लावतात. तासाभरात हवा गरम होते, पण कोबा आणि तूस रात्रभर गारच राहतात.

बल्ब कोणते होते, हे आपण लिहिलेले नाही. अलीकडे बाजारात जुने तारेचे पिवळे बल्ब सहज मिळत नाहीत, म्हणून लोक एलईडी लावतात आणि भरपूर उजेड पाहून समाधान मानतात. एलईडीचा उपयोग उजेडासाठी आहे, उबेसाठी नाही. थंडीत पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने अडीचशे पिल्लांच्या एका गोलाला (पिल्लांभोवती पत्रा लावून केलेल्या गोल कुंपणाला) शंभर वॅटचे पाच तारेचे बल्ब लागतात. पाचशे पिल्ले एकाच गोलात ठेवू नयेत. दोन गोल करावेत, कारण गर्दीत एक पिल्लू घाबरले की बाकीची त्याच्यावर चढतात आणि तळाची गुदमरून मरतात. सुरुवातीला सात-आठ फूट व्यास पुरतो. तिसऱ्या दिवसापासून पत्रा सरकवत गोल मोठा करत जावा.

उत्तर : निवृत्त पशुधन विकास अधिकारी

मर चौथ्या दिवशी सुरू झाली, हीच आपल्या प्रश्नातील खरी खूण आहे. त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाची पिशवी शिल्लक असते. तिच्या आधारावर पिल्लू साधारण 48 ते 72 तास तग धरते, आणि म्हणूनच एक दिवसाची पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यातून दूरवर पाठवता येतात. या शिदोरीमुळे पहिले तीन दिवस खाणारे आणि न खाणारे पिल्लू वरवर सारखेच दिसते. ज्या पिल्लाला आल्यापासून गारठा बसलेला असतो, ते खाद्याकडे न जाता इतरांना चिकटून उभे राहते. पाण्यापर्यंत जाण्यासाठी घोळक्यातील ऊब सोडावी लागते आणि ती सोडायला ते तयार नसते. शिदोरी संपली की चौथ्या-पाचव्या दिवशी ते उपासमारीने जाते. मालकाला मृत्यू दिसतो तो चौथ्या दिवशी, म्हणून तो त्या दिवशीचे खाद्य, पाणी किंवा रोग यांत कारण शोधतो. प्रत्यक्षात नुकसान पहिल्या रात्रीच झालेले असते.

आता दोष पिल्लांचा की व्यवस्थेचा, हे मेलेले पिल्लू उघडल्यावर बरेच स्पष्ट होते. गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी, पेटा (दाणे दळणारे जठर) रिकामा किंवा त्यात केवळ तुसाचे कण, पित्ताशय फुगलेले आणि पाय सुकलेले, असे आढळले तर ती उपासमार समजावी. याउलट बेंबी ओली व काळसर, पोट फुगलेले, आतला बलक पातळ व दुर्गंधीयुक्त आणि मर पहिल्या दिवसापासूनच चालू, असे असेल तर बेंबीतून झालेला जंतुसंसर्ग असून त्याचे मूळ बहुधा उबवणी केंद्रात किंवा अंड्यांच्या अस्वच्छतेत असते. आपण लिहिलेली हकिगत पहिल्या प्रकाराकडे झुकते. तरीही गुदद्वाराला पांढरी विष्ठा चिकटणे हे लक्षण गारठ्यातही दिसते आणि साल्मोनेलामुळे होणाऱ्या पांढऱ्या हगवणीतही दिसते, त्यामुळे केवळ त्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नये. पुन्हा असे झाले तर नुकतीच मेलेली तीन-चार पिल्ले बर्फावर ठेवून, गोठवू न देता, जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागात त्याच दिवशी पोहोचवावीत. दुसऱ्या दिवशीचे कुजलेले पिल्लू तपासणीच्या उपयोगाचे नसते.

चिकटलेली विष्ठा कधीही ओढून काढू नये, कातडी निघते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून पुसावी आणि पिल्लू कोरडे झाल्यावरच गोलात सोडावे.

पहिल्या रात्रीचे यश मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि तो प्रत्येकाने वापरावा, असा माझा आग्रह आहे. पिल्ले सोडल्यानंतर आठ तासांनी तीस-चाळीस पिल्लांच्या गळ्याखाली बोटाने हलकेच चाचपावे. अन्नपिशवी भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लाने खाल्लेही आहे आणि पाणीही प्यायले आहे. कडक, दाणेदार लागली तर पाणी मिळालेले नाही. रिकामी लागली तर दोन्ही नाही. आठ तासांनी शंभरातील ऐंशी आणि 24 तासांनी पंचाण्णवहून अधिक पिशव्या भरलेल्या हव्यात. हे प्रमाण कमी भरले तर औषधाची बाटली शोधण्याआधी ऊब, उजेड आणि भांड्यांची मांडणी दुरुस्त करावी, कारण त्या वेळी अजून दोन दिवस हातात असतात.

पहिल्या दिवसापासून प्रतिजैविक देण्याच्या सल्ल्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. उपाशी आणि गारठलेल्या पिल्लाला प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही; उलट जंतू त्या औषधाला सरावतात आणि खरोखर गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही. कुक्कुटपालनात पूर्वी सर्रास वापरले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक केंद्र सरकारने 2019 साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राणी-पक्ष्यांकरिता बंद केले, ते याच कारणासाठी, कारण माणसांच्या गंभीर आजारांत ते शेवटचा आधार म्हणून राखून ठेवलेले औषध आहे. कोणी जुना साठा स्वस्तात देऊ लागला तरी तो घेऊ नये.

उत्तर : महिला बचत गट, अकोले

डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचून आमच्या गटातील दोन-तीन जणींच्या अनुभवाचा उलगडा झाला. आमचा भाग डोंगराळ आहे आणि थंडी तुमच्याइतकीच असते, म्हणून हवेबद्दल लिहिते, कारण त्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

ऊब राहावी म्हणून लोक शेडचे पडदे छतापर्यंत घट्ट बांधतात, फटींत गोणपाट कोंबतात आणि आत कोळशाची शेगडी ठेवतात. सकाळी पिल्ले तोंड उघडून श्वास घेताना किंवा मेलेली दिसतात. शेगडीचा धूर निघून गेला आणि निखारे लाल झाले की ती सुरक्षित झाली, हा समज फार घातक आहे. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बंद शेडमध्ये रात्री पाहायला जाणाऱ्या माणसाच्या जिवालाही त्यापासून धोका आहे. बुखारी वापरायचीच असेल तर तिचा धुराचा नळ छपराबाहेर काढलेलाच असावा.

पडदा नेहमी खालून पक्का बांधलेला आणि वरून उघडणारा असावा. खालची बाजू बंद राहिल्यामुळे पिल्लांच्या अंगावर वारा येत नाही, आणि छताखाली वीतभर जागा रात्रीही मोकळी ठेवल्यामुळे दमट हवा व अमोनिया वरच्या वर निघून जातो. दुपारी ऊन आले की पडदे आणखी खाली घ्यावेत. शेडमध्ये शिरताना आपल्या डोळ्यांना झोंबले तर पिल्लांना केव्हापासून त्रास होत असेल, हे ओळखावे, कारण त्यांचे नाक आपल्यापेक्षा अमोनियाच्या कितीतरी जवळ असते. सारा शेड गरम करण्याऐवजी आम्ही गोलावर बांबूच्या आधाराने जुन्या साड्यांचे छत धरतो, बल्बपासून कापड चांगले दूर राहील याची खात्री करून. त्यामुळे कमी विजेत ऊब टिकते आणि शेडची हवाही मोकळी राहते.

तूस कोरडे आणि नवे असावे. ओलसर जागी साठवलेल्या तुसाला बुरशी येते आणि तिची बीजे फुप्फुसात गेली की लहान पिल्ले धापा टाकत मरतात; त्यावर औषध नाही. तुसावर कागद पसरतो, तो गुळगुळीत नसावा, कारण पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि ते पुढे सरळ होत नाहीत. वर्तमानपत्र वापरायचे तर चुरगळून मग पसरावे आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकावे.

गुळाच्या पाण्याबद्दल माझे मत सांगते. प्रवासातून आलेल्या पिल्लांना ते पहिल्या काही तासांसाठी चांगले आहे, पण तेच पाणी दिवसभर भांड्यात ठेवले तर ते आंबते आणि पिल्लांचे पोट बिघडते. त्यानंतर स्वच्छ साधे पाणीच द्यावे. थंडीत टाकीतले पाणी इतके गार असते की पिल्लू चोच बुडवून मागे फिरते, म्हणून आम्ही पहिला आठवडाभर पाण्याची भांडी भरून आदल्या रात्रीपासून गोलाजवळ ठेवतो, म्हणजे पाण्याचा गारठा मोडतो. पन्नास पिल्लांमागे एक पाण्याचे आणि एक खाद्याचे भांडे हवे, आणि कोणतेही भांडे बल्बच्या थेट खाली नको.

प्रश्नकर्ता : द्राक्षबागायतदार, निफाड

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. आपल्या उत्तरांनुसार आज शेडमध्ये जाऊन पाहिले. बल्ब तारेचेच आहेत, परंतु तुसाचा थर जेमतेम दीड इंच भरला, आणि तापमापक खांबावरून काढून तुसाच्या वर दोन इंचांवर टांगला तेव्हा पहाटे पाच वाजता 24 अंश दिसले. घरच्यांनाही तो आकडा दाखवला. दोन्ही गोष्टी पुढच्या तुकडीआधी दुरुस्त करणार आहोत आणि दोन गोलही करणार आहोत.

आता दोन शंका उरल्या आहेत. आमच्याकडे भारनियमनामुळे रात्री वीज जाते आणि दोन गोलांचे हजार वॅट इन्व्हर्टरवर चालणे शक्य नाही, तर काय करावे? दुसरे असे, की मानमोडीची लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी असे सांगतात; पण पिल्ले त्याच काळात अशक्त असतील तर ती पुढे ढकलावी का?

उत्तर : कुक्कुटपालक, सिन्नर

दादा, विजेवर पूर्णपणे अवलंबून राहून थंडीची तुकडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक गोलाला एक गॅस ब्रूडर ठेवावा. खर्च वाटतो, पण दोन हिवाळ्यांत वाचलेल्या पिल्लांतून तो निघतो. बल्ब दिवसा आणि गॅस रात्री, अशी वाटणी केली तर वीज गेली तरी धावपळ होत नाही. ब्रूडरची उंची साखळीने कमी-जास्त करता आली पाहिजे. तो किती उंच ठेवावा, याचे उत्तर पिल्लेच देतात. ती ब्रूडरखाली गर्दी करून एकसारखी चिवचिवत असतील तर तो खाली घ्यावा, पत्र्याला टेकून चोच उघडी ठेवून बसली असतील तर वर घ्यावा, आणि सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरच्या बाजूने वारा कुठून येतो ते शोधावे. हे पाहण्यासाठी रात्री दोन ते पाच ही वेळ निवडावी, कारण संध्याकाळी आठला पाहून झोपणाऱ्याला खरा गारठा दिसत नाही. गोल पसरवल्यानंतरही तिसऱ्या आठवड्यापर्यंत रात्रीची ऊब काढू नये.

आणखी एक सुचवतो. पिल्ले आल्यावर खोक्यासह वजन करून त्यातून रिकाम्या खोक्याचे वजन वजा करावे आणि पिल्लामागे सरासरी लिहून ठेवावी. ती साधारण 35 ते 40 ग्रॅमच्या आसपास येते. सातव्या दिवशी पुन्हा पन्नास पिल्ले वजन करावीत. ब्रॉयलरमध्ये सातव्या दिवशी वजन चौपटीच्या वर जाते, गावरान जातींत वाढ त्यापेक्षा संथ असते, पण आपल्याच प्रत्येक तुकडीची नोंद ठेवली की पुढच्या तुकडीचा आठवडा कसा गेला ते मर न मोजताही कळते.

उत्तर : निवृत्त पशुधन विकास अधिकारी

लसीबाबतच्या शंकेचे उत्तर देतो. लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, निरोगी पिल्लालाच द्यावी. मर चालू असेल किंवा पिल्ले मलूल असतील तर ती दोन-तीन दिवस पुढे ढकलण्यास हरकत नाही, मात्र विसरून चालणार नाही, कारण मानमोडी शेडमध्ये शिरली तर ती एक-दोन पिल्लांवर थांबत नाही. पहिली मात्रा डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब अशी द्यावी, पाण्यातून नव्हे. पाण्यातून दिली तर कोणते पिल्लू किती प्यायले याचा भरवसा राहत नाही. गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या सुमारास आणि लासोटाची दुसरी मात्रा चौथ्या आठवड्यात पाण्यातून देता येते. त्या वेळी क्लोरीन किंवा जंतुनाशक घातलेले पाणी वापरू नये, लिटरला पाच-सहा ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी आणि आधी तासभर भांडी काढून ठेवावीत, म्हणजे पिल्ले तहानेने लगेच पितात. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात द्यावी.

दुकानातून लस आणताना ती बर्फाच्या थर्मासमध्येच घ्यावी आणि 2 ते 8 अंशांत ठेवावी. कुपी मिसळल्यानंतर दोन तासांच्या आत संपवावी, म्हणून पाचशे पिल्लांसाठी दोन माणसे हवीत : एकाने पिल्लू धरावे आणि दुसऱ्याने थेंब टाकावा. थेंब पडल्यावर पिल्लाने डोळा मिटून उघडेपर्यंत त्याला सोडू नये, नाहीतर ते मान झटकते आणि थेंब तुसात जातो. थंडीत हे काम दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान करावे, आणि लस दिलेली पिल्ले ठेवण्यासाठी दुसरा गोल आधीच उबदार करून ठेवावा.